सोमणांच्या घरातल्या रमा

झाशीला जाणारे किल्ला बघायला जातात. मी एका बाईच्या शोधात गेले होते, आणि त्याच नावाच्या एका बाईने मला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, "रमा सोमण ना? मीच ती. येताना आमसुलं आण. इथे मिळत नाहीत."

हे असं कसं झालं ते आधी सांगायला हवं.

पुण्यातल्या एका संस्थेत मी जुन्या कागदांची सूची करते. काम शांत आहे, माणसांशी फार बोलावं लागत नाही, म्हणून मला मानवतं. एका दुपारी ओव्यांच्या एका बाडाची नोंद करत होते. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "रमा सोमण, झाशी". सवयीने मी ते नाव इतर संग्रहांच्या सूच्यांमध्ये टाकून पाहिलं. दोन ठिकाणी सापडलं. एका महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहात वाळवून चिकटवलेल्या पानाफुलांचे कागद होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक बाळबोध अक्षरात तेच नाव. आणि एका सरकारी दफ्तरखान्यात एक अर्ज होता, सत्तावन्नचं बंड मोडून नवा अंमल बसला तेव्हाचा. नवरा धामधुमीत गेला, पदरात तान्हा मुलगा आहे, घराला सरकारी कुलूप आहे, ते काढून मिळावं. अर्जदार रमा, सोमणांची विधवा, झाशी. सहीच्या जागी बांगडीचं गोल चिन्ह. लिहिता न येणाऱ्या बायकांची ती निशाणी असे.

या तिन्ही जागांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. पानं जपणाऱ्यांना ओव्या माहीत नव्हत्या, ओव्यांच्या अभ्यासकांना अर्ज माहीत नव्हता. मधे फक्त एक दोन अक्षरी नाव होतं. मी वयं जुळवून पाहिली. विशीत अर्ज, पन्नाशीत पानं, ऐंशीच्या घरात ओव्या. ताणून का होईना, जमत होतं. जिला सही येत नव्हती ती पुढे लिहायला शिकली, झाडं गोळा करू लागली, म्हातारपणी ओव्या उतरवून ठेवल्या. मला ही बाई इतकी आवडली की मी चक्क तिच्या घरच्यांचा पत्ता शोधून त्यांना पत्र लिहिलं. झाशीत सोमणांचं एकच घर उरलं होतं. उत्तर पत्राने आलं नाही, फोन आला. आमसुलांचा.

मला वाटलं, फोनवरच्या काकूंना त्या थोर पूर्वज बाईचं नाव ठेवलं असेल.

सिविल लाइंस

सोमणांचं घर सिविल लाइंसमध्ये, रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाने बांधावं तसं, नीटनेटकं, दुमजली. दारात सोमणकाका उभे होते. उंच, पांढऱ्या मिशा, पायात मोजे आणि चप्पल. "आओ बिटिया, आओ. प्रवासात त्रास तर नाही ना झाला?" असं म्हणत त्यांनी माझी पिशवी घेतली आणि लगेच हात झटकला. आमसुलांची पुडी आत फुटली होती. जांभळा रस माझ्या कपड्यांवर आणि पानांच्या छायाप्रतींवर पसरला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आमसुलं वाचली ना?" आतून रमाकाकू आल्या. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी पुडीत बोट घालून चाटून पाहिलं. "वाचली. कागद वाळतील. बैठ ना, उभी का?"

दिवाणखान्यात बसले आणि समोरच्या भिंतीवर माझंच पत्र दिसलं. काकांनी ते लॅमिनेट करून, चौकटीत घालून लावलं होतं. "एकाच स्त्रीने हे सर्व कार्य केले असावे" या माझ्या वाक्याखाली पिवळी रेघ होती.

"पुण्याचे विद्वान म्हणतात," काका म्हणाले. "सगळ्यांना दाखवतो मी."

मी चोवीस वर्षांची आहे आणि विद्वान तर मुळीच नाही, हे मला सांगता आलं नाही. मी पाणी प्यायले.

सोमणांचं मराठी ऐकायला फार गोड वाटतं. काकू फ्लॅटवाल्यांच्या बाल्कनीसारख्या बाल्कनीला "सज्जा" म्हणतात आणि धान्याच्या खोलीला "कोठी", आणि त्याच दमात "भैया, दूध रख दो" असं खाली ओरडतात. माझं मराठी शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकलेलं. मी "आपण कधीपासून येथे वास्तव्यास आहात?" असं विचारलं तेव्हा काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "तू तर पुस्तकातून बोलतेस गं. बोल, बोल, छान वाटतं."

सज्जा

पितृपक्ष चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काका सोवळं नेसून सज्ज्यात परातीसमोर बसले. मला बघायचं असेल तर बस म्हणाले. आमच्या घरी हे सगळं आजोबांबरोबर संपलं, त्यामुळे मी दाराशी पाय दुमडून बसले. तीळ, दर्भ, तांब्यातलं पाणी. वडील, आजोबा, पणजोबा, तिघांची तीन नावं घेऊन झाली. मग त्यांच्या बायकांची रांग आली. आई. रमा. आजी. रमा. पणजी. रमा. तीनदा पाणी पडलं आणि तीनदा एकच नाव.

मला वाटलं, काका चुकले. मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंना हळूच तसं म्हणाले.

"चुकतील कसे? नाव तर एकच आहे." काकू वड्यांचं पीठ मळत होत्या. "या घरात थोरल्या सुनेचं नाव रमाच ठेवतात. ताम्हनात तांदूळ, त्यात अंगठीने नवरा लिहितो, रमा. सगळ्या रमाच. मी पाचवी."

"म्हणजे अर्जवाली…"

"ती पहिली. कुलूप काढवून घेतलं, घर राखलं. म्हणून तिचं नाव पुढच्या सुनेला दिलं, आणि मग तो रिवाज पडला. चांगला रिवाज आहे, नाही म्हणत नाही मी." हात थांबले. "पण तुझ्या पत्रात तर एकच बाई आहे. पानं पण तीच, ओव्या पण तीच. हे खूश. आणि त्यांनी पत्र शिवांगीच्या घरी पण नेऊन दाखवलं."

शिवांगी म्हणजे होणारी सून. सोमणांचा मुलगा गुरुग्रामला नोकरी करतो, शिवांगी इथलीच, बुंदेली घरातली. लग्न मार्गशीर्षात. काकांना तिचं नाव रमा ठेवायचं होतं. त्या घरचे म्हणाले होते, मुलीचं नाव का बदलायचं? तेव्हा काकांनी माझं पत्र पुढे केलं. बघा, किती मोठ्या बाईचं नाव आहे. त्यावर ते लोक गप्प बसले.

मी कढईतल्या तेलाकडे बघत राहिले. एका नावावरून मी जी बाई उभी केली होती, ती आता एका मुलीचं नाव पुसायला निघाली होती.

"तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"माझं म्हणणं मला कोणी विचारलंय?" काकूंनी वडा थापला. "तू शोधायला आलीस ना? शोध. एकच होती का, ते सांग. मग बघू."

बिजौली

त्या संध्याकाळी शिवांगी आली. बिजौलीच्या एका छोट्या कारखान्यात ती हिशेब बघते. "मम्मी बोलीं, पक्ष में ससुराल नहीं जाते," ती बूट काढत म्हणाली, "पर स्कूटी खुद मुड़ गई."

"स्कूटीला पण सासरची ओढ," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. ती मला स्कूटीवर मागे बसवून बिजौलीच्या पुढे घेऊन गेली. शहर संपलं की मोठमोठे दगड सुरू होतात, कोणी खेळताना एकावर एक रचून विसरून गेल्यासारखे. भाद्रपदाचं गवत गुडघ्यापर्यंत, मधे पळसाची खुरटी झाडं. आमच्याकडे डोंगर लांबून निळे दिसतात, इथे दगड जवळ येऊन बसतात. चहाच्या टपरीवर आम्ही गरम कचोरी खाल्ली. तिने माझ्या जांभळ्या डागांच्या छायाप्रती मांडीवर घेतल्या आणि एकेक बघू लागली. एका पानापाशी ती थांबली, उठली, दगडाच्या कपारीतून तसंच एक पान तोडून आणलं आणि कागदाशेजारी धरलं.

"ये तो हमारे यहाँ हर जगह है. दादी फोड़े पे बाँधती थीं. इसको भी किसी ने सँभाल के रखा?"

"हो," मी म्हणाले. "खूप जपून."

तिने पान बोटांत फिरवलं. "दीदी, मुझे रमा नाम से दिक्कत नहीं है. अच्छा नाम है. अंकल इतने प्यार से बोलते हैं कि मना करते नहीं बनता. बस मेरे पापा ने मेरा नाम बहुत सोच के रखा था. वो अब हैं नहीं." तिने पान कागदांमध्ये ठेवलं. "आप किसी से कहना मत."

मी कोणाला सांगितलं नाही. इथेही तिला विचारूनच लिहिते आहे.

त्या दुपारी मी खोलीत बसून माझीच टिपणं पुन्हा वाचली. एक बाई नाही असं सांगायचं, तर कशाच्या आधारावर? अर्जवाली पुढे लिहायला शिकली नसेलच असं कुठे लिहिलंय? आणि खरं सांगायचं तर मला ती मोडवत नव्हती. माझ्या कामात पहिल्यांदाच मला काहीतरी सापडलं होतं.

संध्याकाळी काकू ज्वारी निवडायला बसल्या. मीही ताटाच्या दुसऱ्या बाजूला बसले. निवडताना त्या गुणगुणत होत्या. चाल बाडातल्या ओव्यांना लावता येईल अशीच होती, म्हणून मी कान दिला.

*एका हाकेला दोघी रमा, सासू सून येती दारी,*
*तिच्या ओंजळीत पाला, माझ्या ओंजळीत ज्वारी.*

माझा हात ताटातच राहिला. "ही कुठली?"

"ही? सासूबाई म्हणायच्या. त्यांना त्यांच्या सासूने शिकवली, म्हणजे यांच्या आजीने. ती खूप ओव्या जोडायची."

"आणि पाला?"

"काय माहीत. पाला म्हणजे पाला."

मी धावत जाऊन छायाप्रती आणल्या आणि ज्वारीच्या ताटाशेजारी पसरल्या. काकूंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. पळस, कपारीतलं ते पान, नाव नसलेली तीन-चार गवतं, आणि प्रत्येकाखाली रमा. मग एका कागदावर बोट टेकवून त्या म्हणाल्या, "ही सासू." मग ताटातली मूठभर ज्वारी उचलली. "आणि ही सून. अगं, ती सासूला बघत होती."

ही ओवी बाडात नव्हती. बाकीच्या सगळ्यांच्या ओव्या तिने उतरवून ठेवल्या, स्वतःची आणि सासूची तेवढी तोंडातच राहू दिली. हाक मारली की दोघी येत असतील, एकीच्या हाताला चिकाचा वास, दुसरीच्या हाताला पिठाचा. कोणाला बोलावलं होतं ते दोघींनाही कळत नसेल आणि दोघी हसत असतील. माझी ती एकटी, थोर बाई त्या संध्याकाळी ज्वारीच्या ताटाशेजारी मोडली, आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

जेवणाची पंगत

सांगायचं मात्र मलाच होतं. काकूंनी रात्री पानं वाढली आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

मला चारचौघांत बोलायला जमत नाही. शाळेत तोंडी परीक्षेला मी आजारी पडायचे. कढीभाताचा दुसरा घास झाला, तिसरा झाला. काका पुण्याच्या हवेविषयी विचारत होते.

"काका," मी म्हणाले, "माझं पत्र चुकलं आहे."

त्यांनी घास खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. वाक्यं पुस्तकी झाली, मधेच इंग्रजी आली, तरी सांगितलं. अर्ज करणारी एक. पानं जपणारी दुसरी, म्हणजे तुमची पणजी. ओव्या जोडणारी तुमची आजी. शेवटी काकूंनी ओवी म्हटली, अगदी साध्या आवाजात, आमटीचं पातेलं हातात धरून.

काका भिंतीवरच्या चौकटीकडे बघत होते. "म्हणजे मोठी बाई कोणी नव्हतीच."

"तीन होत्या," मी म्हणाले.

"तो और अच्छा है." त्यांचा आवाज जरा चढला. "तिघींचं नाव एक. सुनेला तिघींचा आशीर्वाद. मग नाव बदलायचं कशाला?"

"नाव बदलता तुम्हीच, अहो," काकू म्हणाल्या. "तिचं आहे ते राहू द्या असं म्हणतेय मी."

"तू म्हणतेस?"

"हो. मी."

काकांनी पान संपवलं, हात धुतला आणि वर गेले. काकूंनी माझ्या भातावर तूप वाढलं, मी नको म्हणत असताना. मला वाटलं, मी या घरात येऊन नको ते केलं. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती आणि ती अजून लवकर असती तर बरं झालं असतं.

पुन्हा सज्जा

सकाळी काका परातीसमोर बसले. मी आज लांबच उभी राहिले. आई, रमा. आजी, रमा. पणजी, रमा. पाणी पडलं. तांब्या खाली ठेवून ते उठतील असं वाटलं, पण ते बसूनच राहिले.

"रमा," त्यांनी आत हाक मारली.

काकू ओल्या हातांनी आल्या.

"आईचं माहेरचं नाव काय होतं?"

काकू दारातच थांबल्या. "तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. कधी विचारलंच नाही. मामा तिला ताई म्हणायचे."

"यमुना," काकू म्हणाल्या. "शेवटच्या आजारपणात मी विचारलं होतं. खूप वेळ आठवत राहिल्या, मग म्हणाल्या. सागर गावचं माहेर. यमुना."

"आणि आजीचं?"

"ते त्यांनाही माहीत नव्हतं."

काकांनी मान हलवली. विधी तर संपला होता, मंत्रही संपले होते. त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी ओंजळीत घेतलं आणि साध्या मराठीत, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "यमुना." पाणी परातीत सोडलं. मग अजून थोडं घेतलं, बराच वेळ हातात धरलं, आणि काही न म्हणता तेही सोडलं.

न्याहारीला त्यांनी शिवांगीला फोन लावला. पक्षात लग्नाचं बोलायचं नाही हा त्यांचाच नियम. "बिटिया, थाली में चावल पे तुम्हारा ही नाम लिखेंगे," ते म्हणाले. "शिवांगी. हाँ. लंबा है, तो थाली बड़ी ले आएँगे." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. काका नुसतं "अरे, अरे, रोते नहीं" म्हणत होते आणि स्वतःच मिशीवरून हात फिरवत होते.

स्टेशन

मला सोडायला दोघं आले. काकूंनी डब्यात वडे भरून दिले, आणि माझे कपडे धुऊन, इस्त्री करून. डाग पूर्ण गेले नव्हते. रिक्षात मी त्यांना विचारलं, "आणि तुमचं? माहेरचं?"

"राहू दे गं. आता मलाच परकं वाटतं ते." थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघत, त्या म्हणाल्या, "कुमुद." पुढे बसलेल्या काकांची मान किंचित वळली.

पुण्याला आल्यावर मी एका नोंदीच्या तीन नोंदी केल्या. रमा सोमण, रमा सोमण, रमा सोमण. प्रत्येकीपुढे माहेरच्या नावाची जागा कोरी आहे. वरिष्ठांनी विचारलं, जागा कोरीच ठेवायची तर रकाना कशाला? मी म्हणाले, असू दे. एवढं मी आता बोलू शकते.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. गाडी लागली होती. माझा डबा पुढे होता आणि काकू नेहमीसारख्या भरभर पुढे निघाल्या होत्या, डब्यांचे आकडे मोठ्याने वाचत. काका माझी पिशवी घेऊन मागे. काकू माझा डबा ओलांडून पुढे गेल्या हे काकांच्या लक्षात आलं. त्यांनी हाक मारली.

"कुमुद."

काकू चालत राहिल्या. हमालांच्या आणि चहावाल्यांच्या गलक्यात त्या नावाची कोणीच वळली नाही. आता ते रमा म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, घसा साफ केला, आणि जरा मोठ्याने पुन्हा तीच हाक मारली.

काकू थांबल्या. लगेच वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच, एक हात चष्म्याला लावून, ऐकू आलं ते खरं आहे का हे पाहत असल्यासारख्या उभ्या राहिल्या.